डाखकामानंतरची धुलाई : जोराच्या तेजाबाची सवय आता सोडायला हवी

जोडकाम करणाऱ्या कारागिराच्या दुकानात एक बाटली हमखास सापडते. तो चांदीचे पैंजण जोडणारा असो, पितळी नळ आणि समया करणारा असो, मोटारीचा रेडिएटर दुरुस्त करणारा असो की लग्नाच्या जेवणावळीतल्या तांब्याच्या देगेला ठिगळ मारणारा असो, कोपऱ्यात तेजाबाची बाटली असतेच. कुणाकडे शोऱ्याचा तेजाब, कुणाकडे गंधकाचा, कुणाकडे मिठाचा. जोड दिला, माल काळा पडला, की तो तेजाबात बुडवायचा आणि क्षणात उजळ करून बाहेर काढायचा, ही आपल्या धंद्याची जुनी रीत आहे. उस्तादांनी शागिर्दाला शिकवली, शागीर्द उस्ताद झाला, त्याने पुढच्याला शिकवली.

ही रीत आता बदलायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बदलायची ती कुणा बाहेरच्याच्या सांगण्यावरून नव्हे. जोराच्या तेजाबाने आपल्या मालाचे, आपल्या पोरांच्या छातीचे आणि आपल्या खिशाचे नुकसान होते म्हणून. आणि ज्या कामासाठी आपण तो वापरतो, त्यातले बहुतेक काम किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, चांगल्या रीतीने करते म्हणून.

धुलाईचे खरे काम काय?

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. जोड देताना धातू तापतो. सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या खाली जो जोड बसतो त्याला आपण डाखकाम म्हणतो, त्याच्या वर गेले की ते झाळकाम. झाळकामात सवागी, म्हणजे टाकणखार, लावावीच लागते. सवागी वितळते, जोडाच्या जागी हवा लागू देत नाही, आणि झाळ पाण्यासारखी पसरते. पण काम झाल्यावर हीच सवागी थंड होऊन काचेसारखी कडक बसते. शिवाय जिथे सवागी नव्हती तिथे तांब्याला हवेतला प्राणवायू लागून काळा थर चढतो, त्याच्या खाली तांबडा थर असतो. चांदीत आणि सोन्यात मिसळलेले तांबेही असेच काळे पडते.

म्हणजे धुलाईची कामे दोनच. सवागीची काच काढणे आणि काळा थर काढणे. या दोन्हींसाठी आम्ल लागते हे खरे, पण जोराचे लागत नाही. काळा थर सौम्य आम्लातही विरघळतो. सवागीची काच तर नुसत्या गरम पाण्यातही हळूहळू सुटते, सौम्य आम्लात लवकर सुटते. खालचा शुद्ध धातू मात्र सौम्य आम्लात जवळजवळ जसाच्या तसा राहतो. हाच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. मळ निघावा आणि माल राहावा.

आपल्या घरातल्या बायकांना हे केव्हाच ठाऊक आहे. तांब्या-पितळेची भांडी त्या चिंचेने, लिंबाने, आमसुलाने घासतात. चिंचेत टार्टरिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. जुने सोनारही तुरटीच्या उकळत्या पाण्यात दागिना टाकत आणि रिठ्याच्या पाण्याने धूत. म्हणजे सौम्य आम्ल ही नवी फॅशन नाही. मधल्या काळात तेजाब सहज मिळू लागला, काम झटपट होऊ लागले आणि आपण जुनी शहाणी रीत विसरलो.

जोराचा तेजाब काय घेऊन जातो?

पहिले नुकसान मालाचे. शोऱ्याचा तेजाब मळ आणि माल यांत फरक करत नाही. तो तांबे खातो, पितळ खातो, चांदीही विरघळवतो. सराफ्याच्या जमिनीवर पडलेला कण झारेकरी माती धुऊन शोधून देतो, पण तेजाबात विरघळलेली चांदी मोरीतून निघून जाते. रोज थोडी थोडी जाते म्हणून ती हिशेबात दिसत नाही. घट आली की आपण ती वितळवण्यात किंवा कानशीत गेली असे म्हणतो. त्यातली किती त्या बाटलीत गेली हे कुणी मोजत नाही.

पितळेचे आणखी एक दुखणे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जोराच्या आम्लात किंवा फार वेळ ठेवल्यास पृष्ठभागावरचे जस्त आधी निघून जाते आणि माल पिवळा राहण्याऐवजी लालसर दिसू लागतो. मग तो पुन्हा पॉलिशला लावायचा, म्हणजे पुन्हा मजुरी आणि पुन्हा घट. धुलाईत वाचवलेली दहा मिनिटे पॉलिशच्या चाकावर दुपटीने जातात.

दुसरे नुकसान हत्यारांचे. मिठाच्या तेजाबाची वाफ दुकानभर फिरते. पकडी, कानशी, पट्ट्या, तराजूची दांडी, सगळ्यांवर गंज चढतो. ज्या दुकानात हत्यारे सतत गंजतात, त्या दुकानातली हवा कारागिराच्या छातीतही जातेच.

आणि तिसरे नुकसान माणसाचे. शोऱ्याच्या तेजाबात तांबे पडले की तांबूस-तपकिरी धूर निघतो. हा धूर फार कपटी आहे. घेतला तेव्हा थोडा ठसका लागतो, माणूस पाणी पिऊन पुन्हा कामाला बसतो, आणि काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुप्फुसात पाणी भरू लागते. असा धूर छातीत गेला असेल तर बरे वाटले तरी दवाखान्यात जायलाच हवे. गंधकाच्या तेजाबाच्या फवाऱ्याबद्दल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच सांगून ठेवले आहे की जोराच्या आम्लांचा, गंधकाचा तेजाब असलेला, हवेत तरंगणारा फवारा माणसाला कर्करोग करतो. तापलेला माल थेट तेजाबात टाकला की चर्र आवाज येतो आणि वर धुके उठते. ते धुके म्हणजे हाच फवारा.

आपली बरीच दुकाने दहा बाय दहाची. वर पोटमाळा, एक खिडकी, तीही बंद. त्याच जागेत काम, तिथेच जेवण, रात्री तिथेच झोप. तेजाब पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेला. अशा ठिकाणी अपघात झाला नाही तर ती नशिबाची गोष्ट, आणि धंदा नशिबावर चालवू नये.

रीत सोपी आहे

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते पाहू. एक लिटर पाण्यात ८० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा टवका न उडालेले इनॅमलचे असावे. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे नको. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. पाणी कोमट ते गरम, सुमारे ५० ते ६० अंश, ठेवावे. उकळण्याची गरज नाही. थंड पाण्यातही काम होते, फक्त वेळ जास्त लागतो.

जोड दिल्यावर मालाची लाली जाऊ द्यावी, मग तो आधी साध्या पाण्यात थंड करावा. लाल माल आम्लात टाकण्याची सवय मोडावी. पोकळ वस्तू तर कधीच नाही, कारण आतली वाफ आम्ल उडवते आणि ते डोळ्यांत जाते. त्यानंतर बांधलेली लोखंडी तार काढून टाकावी आणि माल आम्लात सोडावा. दहा ते वीस मिनिटांत काळा थर उतरतो, सवागी सुटते. मग साध्या पाण्याने धुवावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा म्हणजे उरलेले आम्ल मरते, पुन्हा साध्या पाण्याने धुवावा आणि पितळी ब्रशने रिठ्याचे पाणी लावून घासावा.

एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवावा. आम्लात लोखंड जाता कामा नये. वापरून निळसर-हिरव्या झालेल्या आम्लात तांबे विरघळलेले असते. त्यात लोखंडी चिमटा किंवा तार गेली की ते तांबे बाहेर पडते आणि चांदीच्या मालावर गुलाबी थर बसतो. मग कारागीर म्हणतो, हे लिंबूसत्त्व खराब आहे. खराब लिंबूसत्त्व नसते, चिमटा चुकीचा असतो. तांब्याचा, पितळेचा किंवा बांबूचा चिमटा वापरावा.

हुपरीच्या पैंजणांची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. पैंजण, घुंगरू, पोकळ मणी असे काम करणाऱ्यांनी शेवटच्या पायरीवर विशेष लक्ष द्यावे. पोकळ भागात आम्ल अडकले की ते काही आठवड्यांनी झिरपते, मालावर हिरवा-काळा डाग येतो आणि गिऱ्हाईक माल परत आणते. असा माल सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ उकळून, साध्या पाण्यात पुन्हा उकळून पूर्ण वाळवावा. मोती आणि पोवळे आम्लात विरघळतात, म्हणून धुलाई खडे बसवण्याआधीच उरकावी.

चांदीत खोलवर गेलेला तांबडा-करडा डाग सौम्य आम्लाने निघत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण त्याचा खरा इलाज तेजाब नव्हे. तापवण्यापूर्वी सगळ्या मालावर सवागीचा पातळ लेप द्यावा आणि गरजेपेक्षा जास्त तापवू नये. डाग पडल्यावर काढण्यापेक्षा पडू न देणे स्वस्त पडते.

जिथे आम्लाचे काम नाही

लिंबूसत्त्व चांगले म्हणून ते सगळीकडे ओतावे असेही नाही. रेडिओ, टीव्ही, मोबाइलच्या पाट्यांवरचा डाख राळेने बसवलेला असतो. तिथे आम्ल लावले तर काही महिन्यांत तारा सडतात. तिथे स्पिरिट वापरावे. फ्रिज आणि एसीच्या तांब्याच्या नळ्या फॉस्फरसच्या झाळीने जोडताना तांब्याला तांबे असेल तर सवागीही लागत नाही. तिथे नळीच्या आत आम्ल किंवा पाणी गेले तर कॉम्प्रेसर जातो. बाहेरून ओल्या फडक्याने पुसणे पुरे. आत काळे धरू नये म्हणून जोड देताना नळीतून नायट्रोजन सोडणे हाच योग्य मार्ग आहे.

रेडिएटर आणि पत्र्याच्या कामात तेजाबात जस्त मारून केलेले पाणी लावतात. कल्हईला नवसागर लागतो. या दोन्हींचे क्षार जोडावर राहिले की हिरवा गंज धरतो आणि जोड पुन्हा गळतो. रेडिएटरचा जोड काम झाल्याबरोबर सौम्य आम्लाच्या गरम पाण्याने, मग सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी भरपूर साध्या पाण्याने धुतला तर तो टिकतो. कल्हईच्या भांड्यात अन्न शिजते, तिथे आम्ल-सोडा नको. भरपूर साध्या गरम पाण्याने धुणे पुरे. लोखंडी मालाला वेगळे भांडे ठेवावे, नाहीतर त्याच्यावर तांबे चढेल.

आणि सगळ्यात मोठी सूचना. मुलाम्याच्या किंवा चमक देण्याच्या कामासाठी ज्यांच्या दुकानात सायनाइड असते, त्यांनी कोणतेही आम्ल, लिंबूसत्त्वसुद्धा, त्याच्या जवळ आणू नये. आम्ल आणि सायनाइड एकत्र आले की जो वायू निघतो तो काही श्वासांत माणूस मारतो. मुलामा आणि धुलाई वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या भांड्यांत आणि वेगळ्या मोऱ्यांत हवी. तसेच आम्लात घरातले ब्लीचिंग कधी मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

हरकती आणि त्यांची उत्तरे

कारागीर बंधू म्हणतील, तेजाबात अर्ध्या मिनिटात काम होते, इथे वीस मिनिटे कोण थांबणार? उत्तर सोपे आहे. थांबायचे कुणालाच नाही. माल आम्लात सोडून पुढच्या जोडाला बसावे. वीस मिनिटांत चार जोड होतात आणि पाचव्याच्या वेळी पहिला धुऊन तयार असतो. दिवसाचे पहिले वीस मिनिटे सोडली तर कुणाचाही वेळ जात नाही. सकाळी भांडे गरम करायला ठेवण्याची सवय तेवढी लावून घ्यायची.

दुसरी हरकत, आमच्या उस्तादांनी हेच शिकवले. उस्तादांचा आदर आहेच. पण उस्तादांनी तेजाब शिकवला तो मालाला उजाळा यावा म्हणून, शागिर्दाला खोकला व्हावा म्हणून नव्हे. त्यांचा हेतू जपला तर त्यांची शिकवण जपली.

तिसरी हरकत, खात्री काय? खात्री स्वतः करून घ्यावी. एकाच वजनाचे, एकाच घडणीचे चार-चार नग घ्यावेत. एक ढीग नेहमीच्या तेजाबात धुवावा, दुसरा लिंबूसत्त्वात. आधी आणि नंतर चांगल्या काट्यावर वजन करावे. पॉलिशला लागलेला वेळही लिहून ठेवावा. महिनाभर हा हिशेब वहीत मांडला की दुसऱ्या कुणाच्या सल्ल्याची गरज पडणार नाही.

सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. भांड्यावर झाकण आणि ठळक अक्षरांत नाव हवे. वापरून हिरवे-निळे झालेले पाणी मोरीत ओतू नये, त्यात तांबे असते. त्यात रात्रभर जुने लोखंडी खिळे टाकून ठेवले की बरेचसे तांबे लाल भुकटीसारखे खाली बसते. मग फेस थांबेपर्यंत सोडा घालावा. ज्या झाळीत कॅडमियम असते तिचा मामला मात्र वेगळा. तिचा धूर विषारी आहे आणि धुलाईच्या पाण्यातले कॅडमियम खिळ्यांनी निघत नाही. म्हणून ‘केडीएम’ची झाळ दुकानात आणूच नये.

कायद्याचीही बाजू आहे

ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर कडक बंधने घातली. विक्रेत्याने नोंदवही ठेवली पाहिजे, घेणाऱ्याचा पत्ता आणि कारण लिहिले पाहिजे, सरकारी ओळखपत्र पाहिले पाहिजे, १८ वर्षांखालच्याला माल देता कामा नये. न जाहीर केलेला साठा सापडल्यास विक्रेत्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. असे असताना ओळखीच्या दुकानातून, बिनचिठ्ठीचा तेजाब एखाद्या पोराच्या हाती मागवणे म्हणजे संकटाला आवतण आहे. उद्या दुर्दैवाने काही घडले तर चौकशी आपल्या दारात येणार. बालकामगार कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास आणि १८ वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामात लावण्यास मनाई आहे. लिंबूसत्त्वाला ना नोंदवही लागते, ना ओळखपत्र.

व्यापाऱ्यांनीही हात लावावा

ही सगळी जबाबदारी कारागिराच्या डोक्यावर टाकून व्यापारी बंधूंना मोकळे होता येणार नाही. संध्याकाळी ऑर्डर द्यायची, सकाळी माल मागायचा आणि मजुरीत धुलाईचा पैसा धरायचा नाही, असे असेल तर कारागीर बाटलीकडेच हात नेणार. व्यापाऱ्याने धुलाईचा दर वेगळा धरावा, मुदत एक दिवस वाढवून द्यावी, आणि माल घेताना पोकळ भाग नीट धुतला आहे का ते विचारावे. काळा पडून परत येणारा प्रत्येक नग शेवटी त्याच्याच दुकानाचे नाव खराब करतो.

बाजारातल्या संघटनांनाही यात काम आहे. गल्लीतल्या दहा दुकानांनी मिळून लिंबूसत्त्वाचे पोते घेतले तर स्वस्त पडेल. वापरलेले पाणी एका पिंपात जमा करून परवानाधारकाकडे द्यायची सोय एकट्या कारागिराला परवडत नाही, दहा जणांना परवडते. काळबादेवी-भुलेश्वर भागात सोने-चांदीच्या कारखान्यांच्या धुराड्यांवर महापालिकेने अलीकडच्या वर्षांत कारवाई केली. दाट वस्तीतल्या धंद्याकडे आता शेजारीही पाहतात आणि सरकारही. आपण स्वतःहून घर स्वच्छ केले तर बाहेरच्याला झाडू घेऊन यावे लागणार नाही.

आपल्या कारागिराकडे मोठे भांडवल नाही, मोठी यंत्रे नाहीत. त्याची सारी मिळकत त्याच्या दोन हातांत, दोन डोळ्यांत आणि फुंकणी फुंकणाऱ्या छातीत आहे. हे भांडवल तेजाबाच्या धुरात जाळणे हा सर्वांत तोट्याचा सौदा आहे. पुढच्या वेळी बाटली संपली की नवी आणू नये. त्या पैशांत लिंबूसत्त्व, एक चिनी मातीचे भांडे आणि बांबूचा चिमटा घ्यावा, आणि महिनाभर वही लिहावी. बाकी निर्णय ती वहीच करेल.